टॅलेंट, प्रतिभा की नुसतेच गुण?

परळच्या एका मराठी शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं आहे. शाळेच्या संमेलनात यंदा ‘टॅलेंट हंट’ ठेवायचं ठरलं आहे आणि फलक मराठीत हवा आहे. त्यांनी ‘प्रतिभाशोध’ लिहिलं. सहकारी म्हणाले, प्रतिभा कवींना असते, तोंडाने ढोल वाजवणाऱ्या पोराला कसली प्रतिभा, ‘कौशल्यशोध’ करा. मुख्याध्यापकांना ‘प्रज्ञाशोध’ भारदस्त वाटतं. मग टॅलेंटला नेमका मराठी शब्द कोणता आणि या तिघांत फरक काय?

आधी उत्तर देऊन टाकतो. तिन्ही नकोत. फलकावर ‘विविध गुणदर्शन’ लिहा. हा शब्द तुमच्याच शाळेच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर सापडेल. आमच्या लहानपणी गिरगाव-दादरच्या प्रत्येक गणेशोत्सवात एक संध्याकाळ ‘विविध गुणदर्शना’ची असायची. त्यात नक्कल करणारा असायचा, पेटी वाजवणारी असायची आणि बत्तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणणारा एक जण हटकून असायचा. त्याला कोणी विचारलं नाही की तुझी प्रतिभा आहे की प्रज्ञा.

‘गुण’ या शब्दाचं आपण थोडं वाटोळंच केलं आहे. संस्कृतात गुण म्हणजे दोरा, पदर आणि त्यावरून वस्तूचा अंगभूत धर्म. मराठीने तो घरात आणला आणि शंभर कामांना जुंपला. औषधाचा गुण येतो. वाण नाही पण गुण लागतो. एखाद्या डॉक्टरांचा हातगुण चांगला असतो, म्हणजे गोळी तीच, पण त्यांनी दिली की उतार पडतो. शहाण्या पोराला आजी ‘गुणी’ म्हणते आणि त्याच पोराने शेजारच्यांची काच फोडली की ‘बघा गुण उधळले’ म्हणते. मग शाळा आली आणि गुण झाले मार्क. गुणपत्रिका, गुणवत्ता यादी, शंभरपैकी ब्याऐंशी गुण. आज पोराला ‘तुझ्यात काय गुण आहेत?’ विचारलं तर ते टक्केवारी सांगेल. गवयांच्या जगात मात्र शब्द शाबूत राहिला. तिथे जाणकारांना अजून गुणीजन म्हणतात आणि पं. जगन्नाथबुवा पुरोहितांनी बंदिशींसाठी टोपणनाव घेतलं तेही ‘गुणिदास’.

आता प्रतिभा. तुमचे सहकारी अर्धे बरोबर आहेत. हा शब्द वाढला तो काव्यशास्त्रात. जुन्या काळच्या भट्ट तौत या काव्यशास्त्रकाराची व्याख्या प्रसिद्ध आहे: ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’. सतत नवं काही उमलवणारी प्रज्ञा ती प्रतिभा. म्हणजे नुसतं चांगलं करून भागत नाही, आधी नसलेलं काही निघायला हवं. या मापाने हुबेहूब लता मंगेशकरांसारखं गाणाऱ्या मुलीकडे गळा आहे, कान आहे, मेहनत आहे. प्रतिभेचा निर्णय तिने स्वतःचं काही गायल्यावर करावा. वर्तमानपत्रं दहावीत पहिल्या आलेल्या मुलाला ‘प्रतिभावान विद्यार्थी’ म्हणतात, ते मला खटकतं. हिंदीत प्रतिभा सरसकट टॅलेंटच्या अर्थाने चालते, तिथून ते आपल्याकडे आलं असावं. मराठीत प्रतिभेला अजून थोडी उंची आहे, ती राहू द्यावी असं माझं मत.

पण प्रतिभा फक्त कवीची, हे मात्र खरं नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त तिचे दोन प्रकार केले: रचणाऱ्याची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. मला ही वाटणी फार आवडते, कारण मराठीत तिला घरचा शब्द आहे. तानसेन व्हायला जमलं नाही तर कानसेन व्हावं असं आपण म्हणतो ना, तो कानसेन म्हणजे भावयित्री प्रतिभेचा माणूस. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक बघताना मागच्या रांगेतून ‘वाह’ नेमकी कुठे येते ते ऐका. टाळी सगळेच वाजवतात. नट ज्या जागी श्वास बदलतो तिथे दाद देणारा एखादाच असतो.

काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने तर तुमच्या मूळ प्रश्नालाच हात घातला आहे. काव्य कशातून होतं? त्याने तीन गोष्टी सांगितल्या. शक्ती, म्हणजे उपजत बीज. निपुणता, म्हणजे जग, शास्त्रं, काव्यं पाहून आलेली जाण. आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. वर खुंटी ठोकली की हे तिन्ही मिळून एकच ‘हेतू’, म्हणजे कारण, आहे, तीन वेगळे हेतू नाहीत. टॅलेंट जन्मजात की कमावलेलं, या वादावर अकराव्या शतकातलं हे उत्तर मला आजही पुरतं. जाता जाता, अभ्यास या शब्दाचा मूळ अर्थ पुनःपुन्हा करणं. ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ म्हणणाऱ्या तुकोबांना तो अर्थ माहीत होता. आपण अभ्यासाला गृहपाठाच्या वहीत बसवलं आणि पुनःपुन्हा करण्यासाठी सराव नि रियाज हे शब्द हाताशी घेतले.

प्रज्ञा थोडक्यात सांगतो. ती समज, पुढचं जाणणारी बुद्धी. राजशेखराने होऊन गेलेल्याची ती स्मृती, चालू असलेल्याची ती मती आणि येणाऱ्याची ती प्रज्ञा, अशी विभागणी केली आहे. ‘राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा’ या नावात ती टॅलेंटच्या जागी बसली आणि परीक्षेपुरती शोभलीही. लावणीवर ठेका धरणाऱ्या तिसरीतल्या मुलीसाठी प्रज्ञाशोध म्हणजे मोठ्या भावाचा कोट.

कौशल्य शिकता येतं, म्हणून सरकारी योजनांत तोच शब्द दिसतो. ‘कुशल’ची परंपरागत फोड मजेशीर आहे. कुश, म्हणजे दर्भ, हात न कापता खुडून आणणारा तो कुशल. ‘प्रवीण’ म्हणजे वीणेत वाकबगार. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तींवर मान डोलावतील असं नाही, पण जुन्या वैयाकरणांनाही कर्तबगारी हातातच दिसली हे खरं. ‘निष्णात’ तर सरळ न्हालेला, विषयात बुडी मारून आलेला. फारसी-अरबीकडून आलेले शब्द अधिक व्यवहारी आहेत. कसब म्हणजे मुळात कमाई, ज्याच्यावर पोट भरतं ते. (मुंबईत 2008 च्या हल्ल्यानंतर हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण त्यातल्या अतिरेक्याच्या नावाशी त्याचं नातं नाही. ते नाव खाटीक या अर्थाच्या वेगळ्या अरबी शब्दावरून आलेलं आहे.) हुन्नर म्हणजे कला, पण मराठीत ‘हुन्नरी’ माणूस जरा खटपट्या, तारेच्या तुकड्याने पंखा चालू करणारा. हुशार म्हणजे मुळात शुद्धीवर असलेला, जागा. चहा घेतल्यावर आपल्याला ‘हुशारी येते’, तिथे तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

पण माझ्या मते मराठीची खरी श्रीमंती या तत्सम-फारसी शब्दांत नाहीच. सामान्य मराठी माणूस टॅलेंटसाठी नाम शोधत बसत नाही, तो अवयव दाखवतो. हिच्या हाताला चव आहे. त्याचा गळा तयार आहे. कान पक्का आहे. नजर पारखी आहे. गणितात डोकं चालतं. जिभेवर सरस्वती आहे. आणि एकच अवयव सांगता येत नसेल तेव्हा अख्खं अंग: ‘तिला नाचाचं अंग आहे’. गुण कुठे राहतो ते आधी सांगायचं, मग किती आहे ते. माझे आजोबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कायम कामगाराच्या बदली आलेल्या नव्या पोराबद्दल ते घरी सांगत, ‘हात अजून जड आहे’. तुटलेला धागा सांधायला पोर वेळ लावायचं, एवढाच त्याचा अर्थ. सहा महिन्यांनी ‘हात बसला’. पोर हुशार आहे की नाही, हा विषय त्यांच्या बोलण्यात आला नाही.

तुमच्या शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत हे बघायला मिळेल. माती मळणारा वेगळा, साच्यातून काढणारा वेगळा, रंग देणारा वेगळा आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. आखणी सगळ्यांना देत नाहीत. आदल्या रेषेवर रंग फिरवून चूक झाकता येते, बुबुळाची रेघ मात्र चुकली की देव तिरळा. त्या माणसाचं टॅलेंट काय म्हणाल? रंगवणं तर दहा जणांना येतं. तिथे लोक म्हणतात, ‘त्याचा हात थरथरत नाही.’ कौशल्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे.

हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली बुद्धिमत्ता एक नसून सात आहेत असं मांडलं: भाषेची, गणिताची, संगीताची, शरीराची, अवकाशाची, दुसऱ्याला ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. पुढे निसर्गाची आठवी आली. शिक्षकांना हे फार पटलं. बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना नाही. त्यांचा आक्षेप असा की पुरावा अपुरा आहे आणि यातल्या काहींना बुद्धिमत्ता म्हणण्यापेक्षा सरळ टॅलेंटच म्हणा. ‘आमच्या आजीला हे आधीच माहीत होतं’ असं मी म्हणणार नाही. गळा, कान, हात म्हणणं हा सिद्धांत नव्हे, बोलण्याची रीत आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्स्वा गान्ये यांची मांडणी मला शब्दचर्चेसाठी जास्त कामाची वाटते. ते उपजत देणगी वेगळी धरतात आणि तिच्यावर मेहनत, संधी, शिक्षक यांचं काम होऊन जे तयार होतं त्यालाच टॅलेंट म्हणतात. आपल्या गायकीत हा भेद रोजचा आहे. गळा असणं वेगळं, गळा तयार असणं वेगळं. ‘तयारी’ हा शब्द टॅलेंटच्या यादीत कोणी घालत नाही. घालायला हवा.

गंमत म्हणजे मूळ ग्रीकमध्ये टॅलेंट हे वजन होतं आणि त्या वजनाची चांदी म्हणजे रक्कम. बायबलमधल्या दाखल्यात धनी नोकरांना पाच, दोन, एक असे टॅलेंट वाटून देतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. म्हणजे तिथे कुवत आधी, टॅलेंट नंतर. इंग्रजीने पुढे पैशाचीच कुवत करून टाकली. नाण्यांचा विषय निघालाच आहे तर शिवाजी पार्कवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्याचं नाणं, कोणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. मला विचाराल तर त्या नाण्यांनी मोजला गेला तो गुण फटके मारण्याचा नव्हेच. दमल्यावरही विकेट न टाकण्याचा तो गुण. त्याला मुंबईच्या मैदानांवर शब्द आहे, ‘खडूस’. इतरत्र ही शिवी आहे. आझाद मैदानावर शाबासकी.

शब्द असे उलटतात, तसे खालीही घसरतात. ‘मोठा कलाकार आहे’ असं कोणी तुमच्या जावयाबद्दल म्हणालं तर चौकशी करा. वस्ताद तालमीत गुरू, गल्लीत बिलंदर. हातचलाखी जादूगाराची असते आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये पाकीट मारणाऱ्याचीही. ‘प्रतिभा’ अजून घसरलेली नाही, हे तिला सांभाळून वापरायचं आणखी एक कारण.

तेव्हा फलकावर ‘विविध गुणदर्शन’. मुलांना जुनाट वाटलं तर खाली बारीक अक्षरात ‘टॅलेंट हंट’ देवनागरीत लिहायला माझी हरकत नाही, तो शब्द आता आपल्याकडेच राहतो. ‘शोध’ मात्र काढाच. शोध म्हटलं की एक सापडतो आणि चाळीस हरवतात. नावनोंदणीच्या अर्जात ‘कौशल्याचा प्रकार’ असा रकाना असेल तर तोही बदला, ‘काय करून दाखवणार?’ असं विचारा. आणि परीक्षकांच्या शेजारी एक खुर्ची वर्गातल्या त्या मुलासाठी ठेवा ज्याला स्वतःला काही येत नाही, पण गाणं कुठे घसरलं ते नेमकं कळतं.