रोध की प्रतिरोध? आणि 'पॉवर'ला शक्ती म्हणायचं की ऊर्जा?

प्रश्न नागपूरच्या एका पालकांचा आहे. मुलगी दहावीला, मराठी माध्यमात. पुस्तकात विजेच्या धड्यात 'रोध' छापलेलं आहे, शिकवणीचे सर 'प्रतिरोध' म्हणतात, कूलर दुरुस्तीला आलेला मिस्त्री 'रजिस्टन्स' म्हणतो. यातलं बरोबर काय? शिवाय 'व्होल्टेज आणि करंटवरून पॉवर काढा' या गणितातली पॉवर म्हणजे शक्ती की ऊर्जा, हेही त्यांनी विचारलं आहे.

'रोध' बरोबर आहे, आणि मला तो 'प्रतिरोध'पेक्षा सरसही वाटतो. 'प्रतिरोध' हिंदी पाठ्यपुस्तकांतला. नागपुरात दोन्ही माध्यमांची मुलं एकाच गल्लीत राहतात, एकाच शिकवणीला बसतात, तेव्हा तो मराठी वहीत उतरणारच. दोघेही संस्कृत 'रुध्' धातूचे, त्यामुळे त्याला चूक म्हणता येत नाही. पण मराठीत 'प्रतिरोध' म्हटलं की समोरून कुणीतरी चाल करून आलंय आणि त्याला तोंड दिलं जातंय, असं मनात येतं. तारेत तसं काही घडत नाही. 'रोध' मात्र याच अर्थाने आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, 'गतिरोधक' या शब्दात. शाळेसमोरचा गतिरोधक गाडी थांबवत नाही, तिचा वेग आटोक्यात ठेवतो. इस्त्रीतल्या तारेचा रोधही धारा (म्हणजे करंट) थांबवत नाही, ती किती वाहील ते ठरवतो. शिवाय 'रोध'पासून 'रोधकता' सहज होतं, आणि 'रोधांची एकसर जोडणी' हा पुस्तकातला शब्दप्रयोग तर फारच सुंदर आहे. 'सीरीज'साठी 'एकसर' ज्याने कुणी योजला, त्याचा कान मराठी होता.

मिस्त्रीचा 'रजिस्टन्स' मिस्त्रीच्या तोंडी अगदी योग्य आहे. त्याला दुरुस्त करू नका.

आता गणित. इस्त्रीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असं लिहिलेलं असतं. ती चालू असताना धारा साधारण ४.३५ अँपिअर. विभवांतराला (म्हणजे व्होल्टेजला) धारेने भागा: सुमारे ५३ ओहम, हा रोध. दोघांचा गुणाकार करा: १००० वॅट, ही शक्ती. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर एकदम सुरू होतात आणि घराघरात ऐकू येतं, 'आज करंट कमी आहे, इस्त्री तापूनच नाही राहिली.' समजा विभवांतर २०० व्होल्टवर आलंय. तारेचा रोध जवळपास तोच, म्हणून धारा ३.७७ अँपिअर आणि शक्ती ७५५ वॅटच्या आसपास. व्होल्टेज तेरा टक्के घसरलं, इस्त्रीची शक्ती जवळजवळ पाव भागाने गेली. म्हणजे करंट खरोखरच कमी झालाय, वाक्य खोटं नाही. पण तो परिणाम आहे. कारण सांगायचं असेल तर 'व्होल्टेज कमी आहे' हेच म्हणायला हवं. (महावितरणच्या भाषेत 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' वाहिन्या असतात. हा 'दाब' म्हणजे व्होल्टेजच. विभवांतर मुलांना जड जात असेल तर आधी हा शब्द द्यावा.)

हेच गणित कूलरच्या मोटरीला लावू नका. तिच्या गुंडाळीचा मल्टिमीटरवर दिसणारा रोध आणि व्होल्टेज भागिले करंट यांचा मेळ बसत नाही, आणि दोघांच्या गुणाकारातून खरे वॅटही मिळत नाहीत, ते कमी असतात. इन्व्हर्टरवर वॅटऐवजी 'व्हीए' (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे नुसता तो गुणाकार) लिहितात ते यामुळेच.

'करंट' या शब्दाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. पुण्याकडे 'शॉक बसला' म्हणतात, आपल्याकडे 'करंट लागला'. आपलं म्हणणं विज्ञानाला जास्त जवळचं आहे, कारण शरीराला इजा होते ती त्यातून वाहणाऱ्या धारेमुळे. ओल्या त्वचेचा रोध बराच उतरतो. तो हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर धारा होते. घरात जीव वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी हा स्विच ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, यावरून काय ते समजा. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर उभं राहून चालू कूलरमध्ये पाणी भरणं किती घातक आहे, ते मुलीला या एका भागाकारातून दाखवता येईल. जरूर दाखवा.

राहिला शक्ती-ऊर्जेचा प्रश्न. या गणितातली पॉवर म्हणजे शक्ती. मराठीने हे पूर्वीच ठरवून ठेवलंय: विहिरीवरची मोटर पाच अश्वशक्तीची असते, तिला अश्वऊर्जा कुणी म्हणत नाही. गोंधळ होतो तो सौरऊर्जा, अणुऊर्जा या शब्दांमुळे. इंग्रजीत तिथे पुष्कळदा पॉवर असते आणि आपण ऊर्जा म्हणतो. ते ठीकच आहे, तिथे बोलणं ऊर्जेच्या स्रोताबद्दल असतं. पण मोजायला बसलं की दोन्ही वेगळ्या ठेवाव्या लागतात. कोराडीच्या वीजकेंद्राचा एक संच ६६० मेगावॅटचा, ही त्याची शक्ती. तो तासभर पूर्ण क्षमतेने चालला तर ६ लाख ६० हजार युनिट तयार होतील, ही ऊर्जा. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये, तोही याच भेदामुळे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

म्हणूनच 'ही इस्त्री तासाला हजार वॅट खाते' किंवा बातम्यांत दिसणारं 'वॅट प्रति तास' मला खटकतं. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. 'प्रति' त्यात आधीच आलेलं आहे. वेळेने गुणायचं आहे, भागायचं नाही. 'इस्त्री हजार वॅटची आहे, तासाला एक युनिट घेते' असं म्हणावं, आणि लिहिताना 'किलोवॅट-तास'.