जामीन दोघांनाही सारखाच, मग एक घरी आणि दुसरा आत कसा?

तुम्ही विचारलंय की एकाच गुन्ह्यात दोघांना २५ हजारांचा जामीन झाला, व्यापारी त्याच संध्याकाळी सुटला आणि मजूर दोन महिने आतच आहे, तर न्यायाधीशाने पैसे खाल्ले का? बहुधा नाही. आदेश दोघांचा सारखाच असणार. खरी गोम आदेशानंतरच्या कागदांत आहे.

आदेशात सहसा 'जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार' असं असतं. जातमुचलक्यावर आरोपीने फक्त सही करायची, पैसे भरायचे नाहीत. घोडं अडतं जामीनदारापाशी. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा, पगारपत्रक किंवा सातबारा, कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात, वर पोलिसांची पडताळणी. व्यापाऱ्याच्या वकिलाने हे सगळं आधीच फाइलला लावून ठेवलेलं असतं. मजुराचा भाऊ परगावी, म्हणून 'स्थानिक जामीनदार आणा'. १९७८च्या मोतीराम खटल्यात हेच झालं: गवंड्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. इतकी वर्षं झाली, तरी तीच अडवणूक चालू आहे.

जामीन होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट बदलू शकतं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेत. पण आपोआप होईल म्हणून थांबू नका. अट शिथिल करण्याचा अर्ज द्या: जातमुचलक्यावर सुटका, नाहीतर तात्पुरता रोख जामीन आणि जामीनदार आणायला मुदत. वकील नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर काम आणखी सोपं: अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ खाली गृहीत धरून त्याला जामीनदाराशिवाय सोडता येतं.

कोर्टाबाहेर भाड्याने जामीनदार देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पगारपत्रक बनावट निघालं तर नवा गुन्हा अंगावर येतो.

सुटकेचा आदेश हातात पडला की नाव, वडिलांचं नाव आणि गुन्हा क्रमांक तिथेच ताडून बघा. फरक निघाला तर तुरुंग तो दुरुस्तीला परत पाठवतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आला तर सोमवारपर्यंत काही हलत नाही.