जुना सिनेमा नव्याने मांडत ‘मी कोण’ असं विचारणारे प्रयोगपट कोणते?

ट्रेसी मोफॅटचा ‘नाइट क्राइज’ (१९८९) आधी बघा. वीस मिनिटांच्या आत संपतो, संवाद जवळपास नाहीतच.

त्याच्या मागे १९५५ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा ‘जेडा’ आहे. गोऱ्या बाईने वाढवलेली आदिवासी मुलगी शेवटी कड्यावरून पडून मरते. मोफॅट म्हणते, समजा ती मेलीच नाही तर? आता ती प्रौढ आहे, गोरी आई थकून खुर्चीला खिळलीय. लेक तिला चमच्याने भरवते, पाय धुते. चिडतेही, आणि सुटताही येत नाही. मोफॅट स्वतः आदिवासी वंशाची, गोऱ्या घरात वाढलेली. बाहेरचं माळरान मुद्दाम स्टुडिओत रंगवलेलं आहे. ते खोटं वाटतं म्हणून बंद करू नका.

परभणीच्या उरुसात लहानपणी आम्ही तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूने सिनेमा बघायचो. अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. सिनेमा तोच, पण भलताच दिसायचा! मोफॅट बघताना तेच आठवलं.

दुसरा मिंग वाँगचा ‘लाइफ ऑफ इमिटेशन’ (२००९). १९५९ च्या हॉलिवूडपटातला काळी आई आणि गोरी म्हणून वावरणारी मुलगी यांचा प्रसंग सिंगापूरचे चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे तीन पुरुष करतात, तेही भूमिका सतत अदलाबदल करून. पाच मिनिटांनी कोण कोणत्या वंशाचं, हे बघायचं आपण सोडूनच देतो.

जोसेफ कॉर्नेलने एका जुन्या सिनेमाचे तुकडे नव्याने जोडून केलेला ‘रोझ होबार्ट’ (१९३६) लई गाजलेला, पण तो नंतर बघितला तरी चालेल.