संघातून वगळलं कोणाला?

पत्र : मुलगा नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली नाही. क्रीडाशिक्षकांना दोनदा भेटलो, उपयोग झाला नाही. तरी हा रोज मैदानावरच! पाचवी-सहावीच्या मुलांचे ७ संघ पाडलेत, त्यांचे सामने लावतो, शिट्टी घेऊन पंच होतो. आधी बाद पद्धत होती, आता साखळी करून पसारा उगाच वाढवलाय. खासगी प्रशिक्षण लावून त्याला खेळाडू करावं, की खेळ बंद करून अभ्यासाला बसवावं? – एक पालक

उत्तर : निवड न झाल्याचं दुःख तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, पण ते मुलाचं नाही. तो मैदानावर मजेत दिसतोय. संघातून वगळले गेलात ते तुम्ही. शिक्षकांकडे दोनदा गेलात, ते त्याला विचारून? बाप आपल्यासाठी रदबदली करतो हे वर्गात कळायला वेळ लागत नाही, आणि त्या वयात त्याची लाज फार वाटते. मला काळजी वाटते ती याची. त्याच्या फुटबॉलची मुळीच नाही.

आता तो 'पसारा'. ७ संघांची बाद पद्धत ६ सामन्यांत आटोपते. एका संघाला न खेळताच पुढे चाल मिळते आणि ३ संघ पहिलाच सामना हरून घरी जातात. साखळीत प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी खेळतो, म्हणून सामने होतात २१, पण प्रत्येक संघाला ६ खेळायला मिळतात. हे गणित तुमच्या मुलाला उमगलं आणि त्याने जास्त कामाचा पर्याय निवडला. २१ सामन्यांचं वेळापत्रक लावून बघा एकदा, म्हणजे कळेल.

शाळेतल्या खेळाची घडी मोठी माणसं बसवतात, मुलांनी फक्त निवडून यायचं, हा तुमचा समज उलटा आहे. इंग्लंडमधल्या ज्या निवासी शाळांतून हे सगळं वाढलं, तिथे सुरुवातीला बराचसा कारभार मुलांचाच होता. १८०५ साली लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना झाला, तो मुलांनीच जमवला होता. रग्बी शाळेतल्या फुटबॉलचे नियम १८४५ मध्ये पहिल्यांदा लिहून काढले ते तिघा विद्यार्थ्यांनी. श्रेय अनेकदा मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांना दिलं जातं, पण त्यांना खेळांत फारसा रस नव्हता, आणि नियम लिहिले गेले तेव्हा ते हयातही नव्हते. शिक्षकांनी हात घातला तो नंतर, आणि कारण नेहमीच उदात्त नव्हतं. मार्लबरोच्या शाळेत १८५१ मध्ये मुलांनी बंड केलं. पुढच्या वर्षी आलेल्या कॉटन या मुख्याध्यापकांना मुलं आसपासच्या रानात भटकण्याऐवजी मैदानावर, नजरेसमोर हवी होती. खेळाची सक्ती हळूहळू आली ती अशा वाटेने.

तेव्हा तुमच्या दोन्ही पर्यायांना माझं उत्तर 'नाही'. खासगी प्रशिक्षण त्याने मागितलेलं नाही. अभ्यास खरंच मागे पडत असेल तर रोजची वेळ त्याच्याशी बोलून ठरवा, मैदान बंद करून नव्हे. शारीरिक शिक्षणाची पदवी, क्रीडा व्यवस्थापन, पंचांच्या परीक्षा हे रस्ते आहेतच, पण नववीतल्या मुलापुढे आत्ताच त्यांची यादी धरू नका. नाहीतर साखळीचंही तुम्ही करिअर करून टाकाल.

साखळीचा एखादा सामना बघायला जा. कडेला उभे राहा, त्याच्या निर्णयावर ओरडू नका. आणि क्रीडाशिक्षकांकडे तिसऱ्यांदा जाऊ नका.