स्कूटरचा क्लच : कडक स्प्रिंगा किती कामाच्या?

प्रश्न : माझी स्कूटर ११० सीसीची असून कामानिमित्त मी रोज वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने ये-जा करतो. पिकअप वाढेल या अपेक्षेने गेल्या वर्षी क्लचमध्ये ‘परफॉर्मन्स’ म्हणून मिळणाऱ्या कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. सुरुवातीला गाडी छान उचलत होती. आता मात्र वळणावर वेग कमी करून पुन्हा रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी थरथरत पुढे सरकते आणि जळका वास येतो. गॅरेजमध्ये सांगतात की स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत, याहून कडक टाका. काय करावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : आणखी कडक स्प्रिंगा कृपया टाकू नका. आपण सांगितलेली लक्षणे स्प्रिंग ढिली पडल्याची नाहीत, तर क्लच घसरत असल्याची आहेत, आणि स्प्रिंग जितकी कडक तितके हे घसरणे वाढत जाते.

गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच मागच्या पुलीवर असतो. त्यात तीन क्लच शू (घर्षणाचे अस्तर लावलेले कमानीसारखे तुकडे) असतात आणि तीन छोट्या स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. रेस वाढली की शू बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या बेलला, म्हणजे चाकाला जोडलेल्या वाटीसारख्या धातूच्या भागाला, घासतात, पकड घेतात आणि चाक फिरू लागते. म्हणजे स्प्रिंगेचे काम एवढेच की क्लच इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर लागेल हे ठरवणे. इंजिनाची ताकद तिने रतीभरही वाढत नाही. शू बाहेर फेकणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे समजा ३,००० फेऱ्यांना लागणारा क्लच ३,६०० फेऱ्यांना लागावा असे वाटत असेल, तर स्प्रिंगेची ओढ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढवावी लागते. ही वाढलेली ओढ क्लच लागल्यानंतरही शूंना आत खेचतच राहते. परिणामी त्याच फेऱ्यांवर शू बेलवर कमी जोराने दाबले जातात, पकड पूर्ण बसायला अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ नुसते घर्षण होऊन उष्णता वाढते.

घाटात हे अधिक जाणवते, कारण चढावर, विशेषतः मागे माणूस बसलेला असताना, गाडी उचलायला जास्त पकड लागते आणि हेअरपिनसारख्या तीव्र वळणावर वेग इतका कमी होतो की क्लच सुटून पुन्हा लागतो. दर वेळी शू थोडे तापतात. काही महिन्यांत त्यांच्या अस्तरावर काचेसारखी गुळगुळीत चकाकी येते, बेलच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर-जांभळे डाग पडतात, आणि पकड सगळीकडे सारखी न बसल्याने ती थरथर सुरू होते. जळका वास अस्तराचाच आहे.

तेव्हा प्रथम कव्हर आणि बेल काढून घेऊन स्वतः उभे राहून पाहावे. अस्तराची जाडी शिल्लक असेल आणि फक्त चकाकी आलेली असेल, तर बारीक पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने उतरवता येते. बेल आतून निळी झालेली, हाताला खाच लागणारी किंवा गोलाई बिघडलेली असेल, तर ती बदलणेच योग्य. डाग घासून काढल्याने तापून बिघडलेला धातू मूळचा होत नाही. आतली काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती श्वासातून फुप्फुसात जाते. नंतर कंपनीच्या मूळ स्प्रिंगा बसवाव्यात. घाटासाठी पिकअप हवेच असेल, तर क्लचपेक्षा व्हेरिएटरकडे (बेल्टने चालणारी, आपोआप गिअर बदलल्यासारखे काम करणारी पुढची पुली) लक्ष द्यावे : तिच्यातले छोटे गोल वजनाचे रोलर एका बाजूने चपटे झाले आहेत का, बेल्टची रुंदी मर्यादेत आहे का, हे तपासल्यास गेलेला पिकअप बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आणि चढावर थांबलात तर गाडी रेसवर तोलून धरू नये, ब्रेक दाबून धरावा. शू जाळण्याचे काम सगळ्यांत जास्त ही सवयच करते.

प्रश्न : रत्नागिरीत घरपोच सामान देण्याचे माझे काम असल्याने स्कूटर दिवसभर चालते. सिग्नलला थांबल्यावर गाडी आपोआप पुढे ओढू लागली आणि आतून खरखर येऊ लागली. फिटरने क्लच उघडला तेव्हा तीनपैकी एका स्प्रिंगेचा हूक तुटलेला होता. त्याने तेवढीच एक बदलून दिली. हे बरोबर आहे का? शू बदलताना स्प्रिंगाही बदलाव्यात का?

उत्तर : दोष बरोबर सापडला, दुरुस्ती मात्र अर्धवट झाली. एक स्प्रिंग तुटली की तिचा शू इंजिन मंद चालू असतानाही बेलला टेकून राहतो. खरखर त्याचीच होती. परंतु नवी स्प्रिंग आणि दोन जुन्या अशी जोडी केली, तर जुन्या स्प्रिंगांचे शू आधी लागतात आणि नवीचा नंतर. गाडी सुटताना झटका बसतो आणि झीज असमान होते. तिन्ही स्प्रिंगा एकाच वेळी, एकाच पाकिटातल्या बदलाव्यात. हा क्लचमधला सर्वांत स्वस्त भाग आहे; इथे वाचवलेले पैसे बेल आणि शूंच्या खर्चात जातात.

आपल्या दोन जुन्या स्प्रिंगा काढल्यावर हातात घेऊन नीट पाहाव्यात. चांगल्या स्प्रिंगेचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. उजेडासमोर धरल्यावर वेढ्यांमधून फट दिसली, तर ती स्प्रिंग ताणली गेली आहे, असे निश्चित समजावे. हुकाच्या आतल्या बाजूला, जिथे तो शूच्या भोकात अडकतो तिथे, घासून चकचकीत झालेली सपाट जागा दिसते. तार तिथेच बारीक होते आणि शेवटी तिथेच तुटते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात गंज लागला की हे लवकर घडते. शूचे भोक लांबट झाले असेल, तर नवी स्प्रिंगही तिथे नीट बसत नाही, आणि मग शू बदलावा लागतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. अस्तर झिजत जाते तसे शूला बेलपर्यंत पोहोचायला जास्त सरकावे लागते, स्प्रिंग जास्त ताणली जाते आणि क्लच किंचित उशिरा लागू लागतो. त्याच काळात उष्णतेने स्प्रिंग मऊ होते, त्यामुळे तो लवकर लागू पाहतो. हे दोन दोष एकमेकांना झाकतात आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. नवे शू घालताच पहिला दोष नाहीसा होतो, दुसरा उघडा पडतो आणि नव्या शूंची गाडी सिग्नलला पुढे ओढू लागते. लोक मग नव्या शूंना दोष देतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी ओढते म्हणजे स्प्रिंगच गेली असे नाही. आयडलिंग (रेस न देता इंजिन चालते तो वेग) जास्त असले तरीही तसेच होते, म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर आधी ते तपासून घ्यावे. सेंटर स्टँडवर मागचे चाक सावकाश फिरत असेल आणि ब्रेकच्या हलक्या स्पर्शाने थांबत असेल, तर तेवढ्यावरून काळजीचे कारण नाही.

प्रश्न : पुण्यात मी जुनी कायनेटिक होंडा दुरुस्त करून घेत आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या क्लच स्प्रिंगांच्या पाकिटांवर १०००, १५००, २००० असे आकडे आणि पिवळा, लाल, पांढरा असे रंग आहेत. कोणत्या घ्याव्यात?

उत्तर : रंगावर विसंबू नये, कारण प्रत्येक उत्पादकाची रंगांची पद्धत वेगळी आहे आणि एकाची लाल दुसऱ्याच्या पिवळीइतकीच कडक असू शकते. आकडेही शब्दशः घेऊ नयेत. अनेक चारस्ट्रोक स्कूटरचे आयडलिंगच साधारण १,७०० फेऱ्यांचे असते. १,५०० फेऱ्यांना क्लच खरोखर लागला असता, तर गाडी उभीच राहिली नसती. हे आकडे त्या मालिकेतला कमी-अधिक कडकपणा दाखवतात, इतकेच. शिवाय अशी पाकिटे मुख्यतः चिनी-तैवानी १२५ आणि १५० सीसी इंजिनांच्या क्लचसाठी बनतात. त्यामुळे हुकापासून हुकापर्यंतची लांबी आणि तारेची जाडी जुन्या स्प्रिंगेशी मोजून जुळत नसेल, तर ती घेऊ नये.

आपली गाडी ९८ सीसीची टूस्ट्रोक आहे. कडक स्प्रिंगांची प्रथा मुळात अशाच इंजिनांमधून रुजली. इटलीतील मालोसी आणि पोलिनी यांसारख्या कंपन्यांनी ५० सीसीच्या टूस्ट्रोक स्कूटरसाठी असे भाग विकले, कारण सिलिंडर आणि सायलेन्सर बदललेल्या टूस्ट्रोकची ताकद वरच्या फेऱ्यांवर एकदम येते आणि क्लच तोवर थांबावा लागतो. आपण इंजिन मूळ स्थितीत ठेवणार असाल, तर मूळ मापाच्याच स्प्रिंगा योग्य. क्लचचा मोठा नट सोडवताना मात्र सावध राहावे : त्यामागे कॉन्ट्रा स्प्रिंग (मागच्या पुलीला दाबून ठेवणारी मोठी स्प्रिंग) दाबलेली असते आणि नट निघताच सगळा संच अंगावर उसळतो. तो दाबून धरण्याचे साधन ज्या गॅरेजमध्ये आहे, तिथेच हे काम करून घ्यावे.