हजार पांडा विकले, तर हातात काय राहील?

प्रश्न: ताई, मी नागपूरला राहते, वय ३६. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात २६,००० येतात, मूळ पगार १६,०००. नोकरीला चार वर्षं चार महिने झाले. नवऱ्याचा पगार ४२,०००. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ४८,०००. मुलगी दुसरीत आहे. दोन वर्षांपासून शनिवार-रविवारी घरी केक पॉप, म्हणजे काडीवरचे चॉकलेटमध्ये बुडवलेले केकचे गोळे, करते: पांडा, अस्वल, सिंह, कोंबडीचं पिल्लू. महिन्याला सात ऑर्डरी येतात, प्रत्येकी साधारण ४० पॉपच्या. एक पॉप ५० रुपयांना देते, सामानाला १४ रुपये लागतात. म्हणजे महिन्याला दहा हजार सुटतात. नोकरी सोडून हजार पॉप केले तर ३६,००० मिळतील. मनीषनगरला गाळा बघितला आहे, भाडं १५,०००, डिपॉझिट ६०,०००. साडेतीन लाखांची एफडी मोडून आणि आईने दिलेल्या पाटल्यांवर दोन लाखांचं सोनेतारण कर्ज काढून मोठा ओव्हन, एसी, डिस्प्ले फ्रिज घ्यायचा विचार आहे. मालक महिनाअखेरीस टोकन मागतो आहे. मुलीला वेळ देता येत नाही, ही खंतही आहे. करू का?

उत्तर: ताई, आधी तुमच्या फोटोबद्दल लिहिते. थर्माकोलच्या पाटावर काड्या खोचून उभे केलेले ते ४० प्राणी मी मोठे करून पाहिले. एकाचाही कान घसरलेला नाही, एकाच्याही कोटिंगला तडा नाही. सोबत तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे: "रविवारी सकाळी सातला बसले, दोनला उठले, पाच पुन्हा करावे लागले." तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला या वाक्यात सापडलं.

गाळा आत्ता घेऊ नका, एफडी मोडू नका, पाटल्या बाहेर काढू नका. हा व्यवसाय मात्र सोडू नका. तो चांगला आहे, फक्त त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

सामानाचे १४ रुपये तुम्ही न फसलेल्या पॉपचे धरलेत. ४० द्यायला ४५ करावे लागले, म्हणजे विकलेल्या प्रत्येक पॉपमागे जवळपास १६ रुपये गेले. डबा, रिबन, स्टिकरचे ४, विजेचा १ आणि पोचवण्याच्या पेट्रोलचे २ रुपये धरले की २३ होतात. हाती उरतात २७, तुम्ही धरलेले ३६ नव्हे. सात ऑर्डरींचे २८० पॉप, म्हणजे महिन्याला ७,५६० रुपये. हेही कमी नाहीत, पण दहा हजार नाहीत.

आता वेळ बघू. सात तासांत ४०, म्हणजे एका पॉपला साडेदहा मिनिटं. इतवारी बाजारातून कंपाउंड, म्हणजे कोटिंगचं चॉकलेट, आणणं, व्हॉट्सअ‍ॅपवर "सिंहाऐवजी हत्ती चालेल का" ही बोलणी, फोटो, या सगळ्याला ऑर्डरमागे दीड तास धरला तर साडेआठ तासांत १,०८० रुपये होतात. तासाला १२७. तुमच्या नोकरीत २६,००० भागिले २०० तास, म्हणजे तासाला १३०. शिवाय तिथे कंपनी पीएफमध्ये तिचा वाटा भरते आणि आजारी पडलात तरी पगार येतो. आजच्या दरात तुम्ही नोकरीइतक्याच मोलाचं काम करताय, तेही सुट्टीच्या दिवशी, पाठ मोडून.

गाळ्याने हे बदलेल का? भाडं १५,०००, उन्हाळ्यातला एसी आणि फ्रिज धरून वीज ४,०००, एक मदतनीस ८,०००. झाले २७,०००. त्याला २७ ने भागा. पहिले हजार पॉप भाडं, वीजबिल आणि मदतनिसाच्या पगारात जातात. तुमच्या स्वप्नातले हजारच्या हजार पॉप विकले तरी घरी शून्य येईल, आणि सोनेतारणाचं व्याज अजून बाकीच असेल. पगाराचे २६,००० भरून काढायला महिन्याला जवळजवळ दोन हजार पॉप विकावे लागतील. आज २८० विकताय. हा आकडा मी स्वतः तीनदा तपासला, कारण तो तुम्हाला सांगणं मला सोपं नव्हतं.

ओव्हनबद्दलही सांगते. पंचवीस ग्रॅमचा एक गोळा धरला तर ४० पॉपना एक किलो मिश्रण लागतं. तेवढा केक तुमच्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, एका घाण्यात, फार तर दोन घाण्यांत होतो. तो केक आपण पुढे कुस्करतोच. तो एकसारखा फुगला काय किंवा मध्ये बसला काय, पॉपला फरक पडत नाही. काम अडतं ते काडी चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात खोचताना, चोकोचिपचे कान चिकटवताना आणि डोळे काढताना. म्हणजे अडतं ते तुमच्या हातांपाशी. मोठ्या ओव्हनने हात वाढत नाहीत.

त्यात नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ च्या घरात गेला की कोटिंग डब्यातच मऊ पडतं, आणि फ्रिजमधून काढलेल्या पॉपला जरा वेळात घाम सुटतो. एप्रिल-मे-जूनमध्ये ऑर्डरी कमी धरा. पितृपक्षात मंदी, मार्चमध्ये परीक्षा. कंपाउंडचा भावही तुमच्या हातात नाही. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक घटल्यावर कोकोचे भाव जगभर विक्रमी चढले होते. गाळ्याचं भाडं मात्र बाराही महिने त्याच तारखेला द्यावं लागतं.

घराचा हिशेब याहून नाजूक आहे. आज तुमच्याकडे महिन्याला २०,००० शिल्लक पडते. तुमचा पगार थांबला की ४२,००० मध्ये ४८,००० भागवायचे, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ६,००० ची खोट. ती साडेतीन लाखांची एफडी म्हणजे सात महिन्यांचा घरखर्च आहे. तिला मी भांडवल म्हणत नाही. नवऱ्याची नोकरी गेली किंवा घरात दवाखाना लागला तर तुमचं घर तिच्यावर चालणार आहे. पाटल्यांचं म्हणाल तर अनेक सोनेतारण कर्जांत वर्षअखेरीस मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. नव्या धंद्यातून पहिल्याच वर्षी दोन लाख बाजूला काढणं जवळजवळ अशक्य असतं. मग कर्जाचं नूतनीकरण, परत व्याज, आणि शेवटी लिलावाची नोटीस. अशी नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आईच्या पाटल्यांवर ती वेळ येऊ देऊ नका.

आणि आठच महिन्यांनी तुमची नोकरीतली पाच वर्षं पूर्ण होतात, हे पत्रात तुम्ही धरलेलं नाही. पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते. १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ४६,००० रुपये. आज राजीनामा दिलात तर हे हातचे जातात.

मग या आठ महिन्यांत काय करायचं? सगळ्यात आधी दर बदला, आणि प्राणी बघून नव्हे, मिनिटं बघून. तासाला २०० रुपये मिळवायचे ठरवा, म्हणजे मिनिटाला ३ रुपये ३३ पैसे. पांड्याला सात मिनिटं लागत असतील तर खर्चाचे २३ आणि मेहनतीचे २३, म्हणजे ४६ रुपये, तो ५० लाच ठेवा. फाँडंटची (साखरेच्या लगद्याची) आयाळ लावलेल्या सिंहाला सोळा मिनिटं लागत असतील तर २३ आणि ५३ मिळून ७६ होतात, तो ८० ला द्या. आज तोही ५० ला जातोय. मोबाइलवर घड्याळ लावून प्रत्येक प्राण्याची मिनिटं एकदा मोजा. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे असतील. दर वाढवल्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या, त्यांच्यासाठी तुमचा रविवार जात होता.

दुसरं, शनिवार-रविवारी घरीच मदतीला कोणीतरी घ्या. दिवसाला ४०० प्रमाणे आठ दिवसांचे ३,२०० होतात. केक कुस्करणं, काट्यावर पंचवीस-पंचवीस ग्रॅम तोलून गोळे वळणं, भांडी, डबे भरणं हे त्यांचं काम. कोटिंग आणि चेहरा तुमचा. गोळे आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. फक्त बुडवण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा, गोठलेल्या गोळ्यावर गरम कोटिंग पडलं की तडा जातो. ते पुन्हा करावे लागलेले पाच पॉप बहुतेक यातलेच असावेत. अशाने महिन्याला ४५० पॉप निघाले आणि सरासरी दर ६५ मिळाला, तर मदतीचे पैसे देऊन १५,७०० उरतात. तेही भाडं आणि कर्जाशिवाय.

निम्मी रक्कम ऑर्डर देतानाच मागा. तुम्हाला संकोच वाटतो असं लिहिलंत, पण हॉल आणि डेकोरेशनवाल्याला लोक आगाऊ देतातच. जंगल थीमचा पहिला वाढदिवस आदल्या दिवशी रद्द झाला, तर ४० हत्ती तुम्ही कोणाला विकणार?

नागपूरसारखं गिऱ्हाईक तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही, ते असं. तान्ह्या पोळ्याला गल्लोगल्लीची मुलं लाकडी बैल सजवून आणतात, आणि बक्षीस म्हणून वाटायला मंडळं काहीतरी शोधतच असतात. झूल आणि शिंगं लावलेला बैल पॉप तुम्ही केला आहे का? एकच प्राणी, एकच रंग, शंभराची ऑर्डर, यात मिनिटं झपाट्याने कमी होतात. तिथून तीन दिवसांनी गणपती, आणि त्या दिवसांत बिनअंड्याचंच मागतात, तेव्हा तुमची ती कृती पक्की हवी. मग बालदिन, नाताळ आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची बोरन्हाणं. बोरन्हाणात बोरं-चुरमुऱ्यांबरोबर हल्ली चॉकलेटं असतातच, त्या घरांत घरी जाताना द्यायला डब्यात चार पिल्लं सहज खपतील.

कागदपत्रांत उशीर नको. घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती अजून नाही असं तुम्ही लिहिलंत. या आठवड्यात ऑनलाइन अर्ज करा, फी किरकोळ आहे. डब्यावर १४ आकडी क्रमांक आला की शाळा आणि मंडळं निःशंकपणे घेतात. ऑफिसचं नेमणूकपत्र काढून जोडधंद्याविषयीचं कलम वाचा. पॉपचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा, पुढे कर्ज मागताना तोच पुरावा होईल. फ्रिज घ्यावासा वाटलाच तर पॉपच्या कमाईतून घ्या. अगदी कमी पडले तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. आणि मुलगी तुमच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात असेल तर राजीनाम्याआधी स्वतंत्र फॅमिली पॉलिसी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या हप्त्यावर जीएसटी नाही.

मुलीचं लिहिलंत ते मनाला लागलं. पण गाळा रात्री नऊपर्यंत उघडा ठेवावा लागतो आणि गर्दी नेमकी तिच्या सुट्टीच्या दिवशी होते. वेळ हवा असेल तर मदतीला बाई ठेवून एक रविवार मोकळा काढणं स्वस्त पडेल. आठ महिन्यांनी तुमच्या वहीत सलग सहा महिने, मंदीचा एक महिना धरून, खर्च जाऊन १५,००० दिसले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा अर्धवेळ नोकरी बघायची की पूर्ण सोडायची, हे ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का झाल्यावर ठरवू. तोवर गाळामालकाला उद्याच फोन करून नाही सांगा, टोकनचा एक रुपयाही देऊ नका.