वीरगळीचा तडा सिमेंटने बुजवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वेशीतली वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मधोमध तडकली आहे, ग्रामपंचायत सिमेंट भरून वर ऑइल पेंट मारणार आहे. नाही चालणार. सिमेंट नकोच, आणि ऑइल पेंटने ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात.

मी औसा तालुक्यातला, गवंड्याच्या घरचा. आजा चुन्याच्या कामातला, वडील (आम्ही दादा म्हणतो) सिमेंटच्या. आमची वीरगळ मारुतीच्या देवळापाशी. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि गाई, म्हणजे गुरं सोडवताना गेलेला माणूस. त्यावर ढाल-तलवारीची लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा, शेवटी चंद्र-सूर्य. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती आडवी पडली आणि नेमकी अप्सरांच्या पट्ट्यात मोडली.

दादांनी एका दुपारी दोन्ही तुकड्यांना भोकं पाडली, उरलेली लोखंडी सळई घातली, सिमेंट भरलं आणि बुडाला काँक्रीटचा ओटा केला. मी नववीत होतो, पाणी आणून देत होतो. आजा शेजारी बसून सारखा म्हणत होता, "चुना लाव रे. उद्या कुणाला काढावं वाटलं तर निघाया पायजे." दादा म्हणाले, "काढायचं कशाला? कायमचं काम झालं."

वीसेक वर्षांत सांध्यातून तांबडे ओघळ यायला लागले. सळई गंजली होती. गंजलेलं लोखंड फुगतं आणि जागा मिळाली नाही की दगड फोडतं. एका तड्याचे तीन झाले. मी छिन्नीने सिमेंट काढायला गेलो तर त्याला चिकटून दगडाचा पदरच निघाला, एका अप्सरेचा चेहरा ढलपी होऊन हातात आला. चुना असता तर चुना सुटला असता, दगड राहिला असता. ओट्याचं तर विचारूच नका. आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ओटा कलला, वीरगळ कलली, बुडाशी पाणी साचून क्षार वर चढले.

दादा अजून म्हणतात, "वीस वर्षं टिकलं की!" मोडेपर्यंत ती शेकडो वर्षं उभी होती, तिला वीस वर्षांचा हिशोब कसला लावायचा? आजाचं बरोबर होतं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगतो. तुमच्या गवंड्यालाही हेच विचारा, की भरलेलं पुढं काढायचं झालं तर कसं काढणार? उत्तर नसेल तर त्याला हात लावू देऊ नका.

भेग बारीक असेल तर चांगला मुरवलेला चुना आणि त्याच जातीच्या दगडाची वस्त्रगाळ पूड. भरल्यावर ओलं पोतं टाकून सावली ठेवा, चुना सावकाश धरतो. भर उन्हाळ्यात करू नका. धुण्याला साधं पाणी, मऊ ब्रश, खाचांत बांबूची काडी. ग्राइंडर, ॲसिड, तारेचा ब्रश आणला तर कोरीव काम गेलंच म्हणून समजा. बुडाची काळी माती काढून मुरूम आणि खडी भरा, पाणी निघून गेलं पाहिजे.

पण दोन तुकडेच झाले असतील तर हे घरचं काम नाही. तिथं स्टेनलेस स्टीलची खुंटी लागते आणि ती जाणकारानेच बसवावी. दगड जाळीदार, ठिसूळ असेल तर धुण्याआधीही विचारा. वीरगळ राज्याच्या 1960 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली राज्य संरक्षित जागेत असेल तर परवानगीशिवाय बोटही लावू नका. तुमचा जिल्हा पुरातत्त्व विभागाच्या ज्या कार्यालयाकडे येतो, तिकडे फोटोसह अर्ज करा. शेंदूर असेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय खरवडू नका, तो त्यांचा देव आहे.

आमची ढलपी मी कापसात गुंडाळून डब्यात ठेवली आहे. तुमच्याही वीरगळीच्या पायाशी मातीत तुकडे पडले असतील. आधी ते जिथं पडलेत तिथंच फोटो काढा, मग गोळा करा.